मुरगाव, १९४३ : मोहोरबंद लखोटा आणि बुडालेली चार जहाजे

१९७९ साली रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ हा चित्रपट आला. त्यातील ‘नोस्ट्रोमो’ हे यान युद्धनौका नव्हे, माल ओढणारे व्यापारी यान आहे. त्यावरील माणसे पगार आणि बोनस यांवरून कुरकुर करणारे साधे नोकर आहेत. त्यांच्यातील अ‍ॅश नावाचा विज्ञान-अधिकारी प्रत्यक्षात माणूस नसून यंत्र असतो आणि त्याच्यापाशी कंपनीचा एक गुप्त हुकूम असतो. त्या हुकुमात खलाशांच्या जिवाला किंमत नसते. (चित्रपट पाहिला नसेल तर क्षमस्व, पण आता चाळीसहून अधिक वर्षे झाली.)

व्यापारी जहाज, वरून आलेला गुप्त हुकूम, आत दडवलेले यंत्र आणि ठरलेला नाश. हे चारही घटक एकत्र आलेली एक खरी घटना आपल्या अगदी शेजारी, गोव्याच्या मुरगाव बंदरात घडली आहे. हा धागा तिच्याविषयी. लांब आहे, सवडीने वाचावा.

जहाजाचे नाव ‘एरनफेल्स’. ब्रेमेन येथील ‘हन्सा’ कंपनीची ही मालवाहू बोट, सुमारे ७,७५० टनांची. या कंपनीच्या जहाजांची नावे ‘फेल्स’ने, म्हणजे ‘खडक’ या अर्थाच्या जर्मन शब्दाने संपत. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर या बोटी नेहमीच्याच होत्या. मात्र एरनफेल्सच्या दोन भगिनी-नौकांची कथा लक्षात ठेवावी : ‘गोल्डनफेल्स’ आणि ‘कांडेलफेल्स’. जर्मन नौदलाने त्यांवर लपवलेल्या तोफा बसवल्या आणि त्यांच्या ‘अटलांटिस’ व ‘पिंग्विन’ या छुप्या लढाऊ नौका केल्या. निरुपद्रवी मालवाहू जहाजाचे सोंग घेऊन जवळ जायचे आणि मग तोफांवरचे आवरण दूर करायचे, ही त्यांची रीत. हिंदी महासागरात दोघींनी मोठा उच्छाद मांडला. अखेर १९४१ मध्ये मे महिन्यात पिंग्विन आणि नोव्हेंबरात अटलांटिस ब्रिटिश क्रूझरांनी बुडवल्या. त्याच बांधणीचे तिसरे जहाज मुंबईच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर, नांगर टाकून उभे आहे, ही गोष्ट इंग्रजांना का बोचत असावी हे यावरून ध्यानात येते.

आता लखोट्याविषयी. जर्मन व्यापारी जहाजांच्या कप्तानांकडे युद्धाआधीच मोहोरबंद सूचना दिलेल्या होत्या. ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस, पोलंडवर हल्ला होण्यापूर्वी काही दिवस, बर्लिनहून सांकेतिक संदेश सुटला आणि जगभरच्या समुद्रांवर कप्तानांनी आपापल्या तिजोऱ्या उघडल्या. नेहमीचे जलमार्ग सोडावेत, जहाजाचे रूप बदलावे, जर्मनीला पोहोचणे शक्य नसेल तर तटस्थ देशाचे बंदर गाठावे, असा त्या सूचनांचा आशय. त्यापुढची आज्ञा अधिक कठोर होती : जहाज शत्रूच्या हाती पडू देऊ नये, तशी वेळ आलीच तर स्वतःच बुडवावे. ती पोकळ नव्हती. डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश विनाशिका समोर येताच ‘कोलंबस’ या भव्य प्रवासी जहाजाला त्याच्याच खलाशांनी आग लावून अटलांटिकच्या तळाशी धाडले.

हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर तटस्थ बंदर एकच भागाचे होते. गोवा पोर्तुगीजांचा आणि सालाझारचा पोर्तुगाल युद्धात तटस्थ. म्हणून एरनफेल्स, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘ड्राखेनफेल्स’ मुरगावात आल्या. पुढे जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाजही त्यांच्या सोबतीला अडकले. बाहेर पडले की ब्रिटिश नौदल, आत राहिले की गंज. तीन-साडेतीन वर्षे हे खलाशी जुवारीच्या मुखाशी बसून राहिले. त्यांतील बहुतेक जण राजकारणाशी देणेघेणे नसलेले दर्यावर्दी असावेत असे मला वाटते. पण ज्या जहाजावर ते झोपत होते त्याच्या तिजोरीतील हुकूम अजून संपलेला नव्हता.

यंत्राची कथा येथून सुरू होते. १९४२ मध्ये हिंदी महासागरात दोस्तांची जहाजे बुडत होती आणि त्यांच्या हालचालींची बातमी पाणबुड्यांना कोणीतरी पुरवत आहे, असा संशय ब्रिटिश गुप्त संघटना ‘एसओई’ला आला. गोव्यात रॉबर्ट कोख नावाचा जर्मन हेर होता. एसओईचे लुईस प्यू आणि गॅव्हिन स्ट्यूअर्ट यांनी १९४२ च्या अखेरीस त्याला व त्याच्या पत्नीला गोव्यातून पळवून नेले. तरीही बातम्या थांबल्या नाहीत, असे इंग्रजांचे म्हणणे. मग संशयाची सुई एरनफेल्सवर स्थिरावली. या जहाजावर गुप्त ट्रान्समीटर आहे आणि रात्री तोच बोलतो, असे ठरले.

व्यापारी जहाजावर बिनतारी यंत्र असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. प्रश्न ते तटस्थ बंदरात वापरले जात होते का, एवढाच. १९०७ च्या हेग करारानुसार युद्धरत देशाने तटस्थ बंदरात आपल्या सैन्याशी संपर्कासाठी बिनतारी यंत्रणा उभारणे निषिद्ध आहे. त्याच करारात हेही आहे की तटस्थ पाण्यात शत्रूच्या जहाजावर हल्ला करणे हा तटस्थतेचा भंग होय. म्हणजे जर्मनांनी एक कलम मोडले असा आरोप आणि त्यावर उपाय म्हणून इंग्रजांनी दुसरे मोडायचे! तेही जुना मित्र असलेल्या पोर्तुगालच्या घरात. इंग्लंड आणि पोर्तुगाल यांची मैत्री १३७३ च्या तहापासून चालत आलेली आहे, आणि १९४३ मध्ये अटलांटिकमधील अझोर बेटांवर तळ मिळवण्यासाठी इंग्रजांना सालाझारची मर्जी हवी होती.

म्हणूनच गणवेशातले सैन्य पाठवणे अशक्य होते. पकडले गेले तरी सरकारला ‘हे आमचे नव्हेत’ असे म्हणता येतील, अशी माणसे हवी होती. ती सापडली कलकत्त्यात. ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ हे हौशी घोडेस्वारांचे राखीव पथक. त्यात कंपन्यांचे साहेब, ताग आणि चहाचे व्यापारी, बरेचसे मध्यमवयीन. कवायतीपेक्षा क्लबात अधिक रमणारे, असे म्हटले तर अन्याय होणार नाही. कर्नल बिल ग्राइस यांच्या हाताखाली या पथकातील चौदा आणि ‘कलकत्ता स्कॉटिश’मधील चार जण निवडले गेले. मोहीम गुप्त, तिचा मोबदला नाही, पदक नाही आणि अपयश आले तर मायबाप सरकार ओळख देणार नाही. अ‍ॅशच्या कंपनीने खलाशांविषयी जे ठरवले होते, त्याहून हे फार वेगळे आहे का? फरक एकच : या माणसांना ते आधी सांगितले होते आणि तरी ते निघाले.

वाहन म्हणून मिळाली ‘फीबी’, कलकत्ता बंदरातील गाळ वाहून नेणारी बार्ज. ती हुगळीतून निघून सिंहलद्वीपाला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली. बहुतेक स्वार रेल्वेने कोचीनला पोहोचून तेथे तिच्यावर चढले. इकडे गोव्यात पुढे गेलेल्या एका साथीदाराने पैसे चारून अशी व्यवस्था केली की त्या रात्री जहाजांवरचे शक्य तितके अधिकारी व खलाशी किनाऱ्यावरच्या मेजवानीत असावेत. ही युक्ती नवी नव्हती. जानेवारी १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळच्या स्पॅनिश फर्नांडो पो बेटावर एसओईने हाच डाव टाकला होता. अधिकारी मेजवानीत गुंतलेले असताना बंदरातील इटालियन जहाज ‘दुकेस्सा द’ओस्ता’ ओढून नेले होते.

मुरगावचा छापा ९ मार्च १९४३ च्या रात्रीचा. फीबी अंधारात एरनफेल्सला भिडली, शिड्या लागल्या, स्वार डेकवर चढले. जहाज शक्य तर ताब्यात घ्यायचे, नाही तर निकामी करायचे, असा बेत. झटापट थोड्या वेळाची. पण तेवढ्यात कप्तान योहान रोफर आणि काही खलाशी मारले गेले. स्वारांनी बिनतारी खोली गाठून यंत्र मोडले, असे त्यांचेच कथन आहे. तोवर खाली, जहाजाच्या पोटात, १९३९ चा हुकूम जागा झाला होता. जर्मन खलाशांनी तळाच्या झडपा उघडल्या, आगी लावल्या. जहाज तिरके होऊ लागले. हल्लेखोर फीबीवर परतून समुद्रात पसार झाले. त्यांच्यातील एकही जण दगावला नाही.

माझ्या मते या घटनेचा गाभा पुढच्या तासाभरात आहे. ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि आन्फोरा यांच्यावर एकही इंग्रज चढला नव्हता. ज्वाळा पाहून तेथील खलाशांनी इंग्रज आले असे मानले आणि हुकुमाप्रमाणे आपापली जहाजे पेटवून बुडवली. चारपैकी तीन जहाजे शत्रूचा हात न लागता, केवळ आज्ञापालनाने संपली. हल्लेखोरांना अठरा माणसांनी जे साधले नसते ते जर्मन नौदलाच्या शिस्तीने साधून दिले.

आणि त्यामुळेच इंग्रजांची लपवाछपवी टिकली. तेव्हा जगापुढे आलेली कथा अशी की गोव्यात अडकून पडलेल्या खलाशांनी स्वतःच जहाजे जाळली. पोर्तुगिजांनाही ही कथा सोयीची होती. आपल्या बंदरात परकी माणसे घुसली हे मान्य केले असते तर इंग्लंडशी भांडण किंवा जर्मनीपुढे नाचक्की, यांतील एक काहीतरी पदरात घ्यावे लागले असते. खलाशांनीच आग लावली हे खोटे नव्हते, अपुरे होते. ऑक्टोबरात पोर्तुगालने अझोरचे तळ इंग्रजांना दिले. त्याच महिन्यात ‘ग्रिप्सहोम’ आणि ‘तेइआ मारू’ या नौका मुरगावला आल्या आणि अमेरिका व जपान यांनी एकमेकांच्या अडकलेल्या हजारो नागरिकांची अदलाबदल केली. तटस्थ बंदराची प्रतिष्ठा कागदावर शाबूत राहिली होती.

मोहिमेची हकीकत सविस्तर बाहेर आली ती पस्तीस वर्षांनी, जेम्स लीझर यांच्या १९७८ च्या ‘बोर्डिंग पार्टी’ या पुस्तकातून. १९८० मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्ज’ हा चित्रपट निघाला. ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन त्यात होते आणि त्याचे चित्रीकरण गोव्यातही झाले. समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरत असते : ‘कलकत्त्याच्या म्हाताऱ्या साहेबांनी एका रात्रीत हिंदी महासागर सुरक्षित केला.’

हे वाक्य मला पटत नाही आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. १९४३ च्या सुरुवातीला या भागात आलेल्या जर्मन पाणबुड्यांचा ‘झेहुंड’ गट मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शिकार करत होता. केप आणि डर्बनजवळून जाणाऱ्या जहाजांची खबर गोव्यात अडकलेल्या माणसांना कोठून मिळणार? पाणबुड्या परत फिरल्या की नुकसानही घटते, त्याला ट्रान्समीटर मोडण्याचे कारण लागत नाही. शिवाय धोका टळलाही नाही. त्याच वर्षी ‘मोन्सून’ गटाच्या जर्मन पाणबुड्या अरबी समुद्रात आल्या. आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये जपानी पाणबुडी ‘आय-२७’ने मालदीवजवळ ‘खेदिव इस्माइल’ हे सैनिकवाहू जहाज बुडवले. सुमारे तेराशे माणसे गेली. तेव्हा एरनफेल्स बुडून अकरा महिने झाले होते.

‘एलियन’मध्ये अ‍ॅशचे डोके तुटते आणि आतल्या तारा सर्वांना दिसतात, शंका उरत नाही. एरनफेल्सच्या ट्रान्समीटरचे तसे झाले नाही. ते मोडले असे सांगणारे सारे एकाच बाजूचे, आणि ज्याला खरे काय ते ठाऊक असायला हवे होते तो कप्तान रोफर त्याच रात्री आपल्या जहाजावर मारला गेला.