‘मेख’ : वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि परभणीकडील मराठी

‘खरी मेख येथेच आहे’ हे वाक्य मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की, ते लिहिणाऱ्याला वा वाचणाऱ्याला कोणतीही लोखंडी वस्तू आठवत नाही. गोम, कूट, अडचणीचे मर्मस्थान एवढाच अर्थ पोहोचतो आणि तेवढा पुरतो. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या लेखी मेख ही प्रथम जमिनीत ठोकावयाची वस्तू असते. तिला जनावर बांधलेले असते. पावसाने भिजलेल्या काळ्या जमिनीत ती ढिली पडते आणि उन्हाळ्यात उपसता उपसत नाही. एकाच भाषेतला एकच शब्द एकाकडे केवळ लक्ष्यार्थाने, तर दुसऱ्याकडे दोन्ही अर्थांनी नांदतो, हा भेद बोलींच्या नोंदीपुरता सोडून देण्याजोगा नाही.

शब्द मुळात फारसी. आजच्या इराणात त्याचा उच्चार ‘मीख’ असा होतो. जुना एकार भारतातील फारसीने टिकविला आणि मराठीत तोच आला. प्राचीन इराणी शिलालेखांच्या ज्या लिपीला आपण कीलाकार लिपी म्हणतो, तिला इराणी लोक याच शब्दावरून ‘खत्त-ए-मीखी’ म्हणतात. फारसीत नामांना व्याकरणिक लिंग नाही. मराठीत मात्र मेख स्त्रीलिंगी झाली, तिचे अनेकवचन ‘मेखा’ झाले, तिला मराठी विभक्तिप्रत्यय लागले. (हिंदीतील ‘मीन-मेख काढणे’ येथे ओढून आणू नये. तो ‘मेख’ म्हणजे मेष रास. मीन आणि मेष यांच्या गणनेतून तो वाक्प्रचार निघाला. खिळ्याशी त्याचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा.)

लक्ष्यार्थाचा प्रवास कसा झाला असावा? तंबूची मेख दोर ताणून धरते, डेरा उभा ठेवते. हे उपकारक कार्य आहे. परंतु ‘मेख मारणे’ या वाक्प्रचारात या उपकारकतेचा मागमूस नाही. तेथे चालू काम बंद पाडण्याचाच अर्थ आहे. माझ्या मते या दोहोंमधला दुवा तोफ आहे. शत्रूच्या हाती पडू पाहणारी तोफ निकामी करावयाची तर तिच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, मेख ठोकीत. येथे मेख दोन वस्तू जोडीत नाही, छिद्र बुजविते. शिवाय वरवर पाहता तोफ अभंगच दिसते. बाहेरून धड, आतून अडलेली, अशा वस्तूचे चित्र एकदा मनात ठसल्यावर ‘अडथळा’पासून ‘लपलेली अडचण’ आणि तेथून ‘उलगडा होण्याचे स्थान’ हे अंतर फार उरत नाही.

देशी शब्दांची साक्षही याच दिशेची आहे. ‘खिळा’ आणि ‘खीळ’ हे संस्कृत ‘कील’चे वंशज. प्रगतीला खीळ बसते, दातखीळ बसते, रुग्ण अंथरुणाला खिळतो. नजर खिळते तेव्हाही तिची गती थांबलेलीच असते. जोडण्याच्या साधनातून मराठीने मुख्यतः थांबण्याचेच अर्थ काढले. मंत्रशास्त्रात तर हा विचार पारिभाषिक झाला आहे. रामरक्षेच्या विनियोगात हनुमान हा कीलक आहे; सप्तशतीच्या पाठापूर्वी कवच, अर्गला आणि कीलक म्हणण्याचा प्रघात आहे. अर्गला म्हणजे दाराचा अडसर आणि कीलक म्हणजे खुंटी. मंत्र कीलित असतो, उत्कीलन केल्यावाचून तो फळत नाही, अशी श्रद्धा. ‘कवितेची मेख उकलली’ असे समीक्षक लिहितो, तेव्हा नकळत तो याच कल्पनेच्या आश्रयाला गेलेला असतो.

मुद्रणाने या कुळात आणखी भर घातली. शिशाच्या सुट्या अक्षरांना मराठीने ‘खिळे’ म्हटले, जुळविणारा तो ‘खिळेजुळारी’. चपलेला वा चौकटीला मारावयाच्या बारीक खिळ्याला ‘चूक’ म्हणतात. त्यामुळे ‘चुका काढणे’ हे काम मुद्रितशोधकाचे आणि सुताराचेही ठरते.

आता प्रश्न असा की, समीक्षेतील ‘मेख’ लाक्षणिक म्हणावी काय? मम्मटाने रूढिलक्षणेसाठी ‘कुशल’ हा शब्द घेतला : मूळ अर्थ कुश आणणारा, रूढ अर्थ निपुण. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त हे नाकारले. शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त वेगळे आणि प्रवृत्तीचे वेगळे. ‘निपुण’ हाच तेथे मुख्यार्थ, असे त्याचे म्हणणे. पुण्यातील वाचकापुरता विश्वनाथ बरोबर ठरतो. परभणीकडे मात्र मुख्यार्थ जिवंत असल्याने त्याचा बाध होऊन लक्षणा प्रवृत्त होते, म्हणून तेथे मम्मटच लागू पडतो. शब्दशक्तीचा निर्णय शब्दावरून नव्हे, भाषिक समाजाच्या व्यवहारावरून करावा लागतो, हे दोघांनीही गृहीत धरले नव्हते.

याला एक सांस्कृतिक बाजूही आहे. परभणी १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामी राज्यात होते. कचेरी आणि उच्च शिक्षण उर्दूत. सातोन्यात जन्मलेल्या बी. रघुनाथांनी (१९१३-१९५३) निजामी बांधकाम खात्यात नोकरी करीतच आपली मराठी कविता आणि कथा-कादंबरी लिहिली. या इतिहासामुळे मराठवाड्याच्या बोलीतील फारसी शब्द म्हणजे पारतंत्र्याचे अवशेष, असा समज सहज होतो. इकडे १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधव जूलियनांनीच १९३८मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहावा, हा त्या काळाचाच ताण होता. ‘मेख’ मात्र ब्रिटिश मुंबई इलाख्यात सिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशातही आहे. ती निजामी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना होती. फरक इतकाच की, एका बाजूला तिचे लोखंड टिकले आणि दुसऱ्या बाजूला तिचा लक्ष्यार्थ तेवढा ‘शुद्ध’ मराठीत जमा झाला. परभणीकडच्या कथेत मेख आली की तिच्यापुढे ‘उर्दू प्रभाव’ अशी टीप देणारा संपादक स्वतःच्या प्रस्तावनेत तीच मेख निःशंकपणे वापरू शकतो.