कल्पना आणि उचल

एखाद्या तरुणाने लहानशा कल्पनेतून मोठा धंदा उभारला की आपण त्याच्या बुद्धीचे कौतुक करतो. ‘काय नामी युक्ती सुचली!’ असे उद्गार सहज निघतात. परंतु उद्योगाचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला तर ध्यानात येते की युक्ती सुचणे ही त्या कथेतील सर्वांत स्वस्त गोष्ट होय. साध्या कल्पना पुष्कळांना सुचतात. कल्पना सुचल्या दिवसापासून पहिले गिऱ्हाईक विश्वासाने पैसे मोजीपर्यंत मध्ये जो काळ जातो, तो कोणी सोसावा, हा खरा प्रश्न आहे. त्या काळात पोट भरावे लागते, लोकांची थट्टा ऐकावी लागते आणि न खपलेल्या मालाकडे पाहत बसावे लागते. आज याच प्रश्नाचा विचार मी बीड जिल्ह्याच्या निमित्ताने करणार आहे.

बीडपासूनच आरंभ करू. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राजवटीत बीड गाव दोन जिनसांसाठी नावाजलेले होते: एक गुप्ती, म्हणजे काठीत दडवलेले पाते, आणि दुसरी छागल, म्हणजे पाणी नेण्याची कातडी पिशवी. छागलीची कल्पना पाहा किती साधी आहे! कमावलेल्या कातड्यातून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने ते उडून जाते, आणि उडता उडता आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. वैशाखाच्या उन्हात गाडीच्या दांडीला टांगलेल्या छागलीतले पाणी जसा प्रवास होई तसे अधिक गार होत जाई. बर्फ नाही, यंत्र नाही, खर्चही नाही. बालाघाटाच्या उघड्याबोडक्या पठारावरून प्रवास करणाऱ्याला याहून मोलाची वस्तू दुसरी कोणती असणार?

मग या वस्तूचा कारखाना का निघाला नाही? कल्पना उत्तम होती, हात कसबी होते, गरज तर घरोघर होती. परंतु छागल शिवणारा कारागीर चर्मकार समाजातला. गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले होते. त्याच्या हातची वस्तू लोकांना हवी होती, पण त्याला पेढीवर बसवून कर्ज देणारा सावकार नव्हता, आणि आज शिवलेला माल सहा महिन्यांनी चांगल्या भावाने विकू, असे म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती. आजची छागल आज विकली तर आज चूल पेटणार, असा तो हिशोब. पुढे धातूच्या आणि कापडाच्या बाटल्या आल्या तेव्हा बदलत्या काळाशी झुंजण्यासाठी लागणारी सवड त्याच्यापाशी नव्हती. वस्तूचे नाव झाले. ती करणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक झाले नाही.

आता या चित्राशेजारी दुसरे एक चित्र ठेवू. त्यासाठी आपल्याला बीडहून दक्षिणेकडे, त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील बेळगावास जावे लागेल. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ती पंडित. मुलाला मात्र चित्रांचा आणि यंत्रांचा नाद. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे असे आढळून आले की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराची वाट तेथेच संपली. त्यांनी रंगांना रजा दिली आणि यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास धरला, कारण त्या विद्येला रेघ लागते, रंग लागत नाही. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते या विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले.

याच सुमारास मुंबईत त्यांच्या दृष्टीस सायकल पडली. १८८८ साली त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली खरेदी करून पाठवाव्या आणि रामुअण्णांनी बेळगावात त्या विकाव्या, अशी वाटणी होती. नुसत्या विकून रामुअण्णा थांबत नसत. चालवायला शिकवीत आणि शिकवणीचे निराळे पंधरा रुपये घेत. या पंधरा रुपयांत व्यापाराचे मोठे मर्म आहे. नवी वस्तू विकायची तर ती वापरण्याची विद्याही विकावी लागते, हे त्या भावांना फार लवकर उमजले होते. आणि दुसरे असे की, मुंबईची नोकरी न सोडता हा उद्योग चालला होता. वाट पाहण्याचा खर्च पगार सोसत होता.

पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून दुसऱ्यास जागा देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास परतले. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. हीदेखील साधीच कल्पना. अख्खा कडबा जनावरापुढे टाकला तर त्यातला बराच पायदळी जातो. बारीक कापून दिला तर वाया जाणे कमी होते. त्यानंतर त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला, आणि येथे त्यांची खरी परीक्षा झाली.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली! शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होते. आपण सुशिक्षित माणसे हे ऐकून हसतो. परंतु क्षणभर त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. कोरडवाहू जमीन, बैलांची एखादी जोडी, आणि वर्षातून एकदाच येणारा पाऊस. त्याचा प्रयोग फसला तर त्याचे एक वर्ष बुडते आणि घरात खायला दाणा राहत नाही. अशा माणसाने वाडवडिलांच्या लाकडी नांगराला चिकटून राहावे, यात अडाणीपणापेक्षा सावधगिरीच अधिक आहे. विषाची भाषा ही त्या सावधगिरीने घेतलेली ओळखीची रूपे होत. लोखंडी फाळ खोल जातो, जमीन उलथवतो, हरळी आणि कुंदा मुळासकट उपटतो, हे व्याख्यान देऊन पटणारे नव्हते. कोणाच्या तरी शेतात ते दिसावे लागले, आणि एक पीक निघेपर्यंत थांबावे लागले.

म्हणून मी म्हणतो की, त्या दोन वर्षांचा विचार नांगराच्या रचनेइतकाच महत्त्वाचा आहे. कारखान्यात नांगर पडून आहेत, कामगारांना मजुरी द्यायची आहे, लोखंडाचे पैसे फेडायचे आहेत, आणि गिऱ्हाईक दारावरून निघून जात आहे. या काळात सायकलींच्या दुकानाची पुण्याई, भावाची साथ आणि कडबा कापण्याच्या यंत्राची विक्री पाठीशी नसती, तर नांगराची कल्पना त्याच भट्टीत वितळून गेली असती.

दैवाने आणखी एक तडाखा दिला. बेळगाव नगरपालिकेच्या हुकुमाने कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. उभा केलेला उद्योग डोक्यावर घेऊन जायचे कोठे? त्या वेळी औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात येण्याचे आमंत्रण दिले आणि आरंभीच्या भांडवलासाठी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. कुंडल रोड या आगगाडीच्या स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन मिळाली. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती! १९१० साली पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन लक्ष्मणराव तेथे आले. त्याच माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे तेथून नांगर, पाण्याचे पंप आणि इतर यंत्रे देशभर गेली, आणि स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या हकीगतीतील तीन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या काढतो. जमीन मिळाली, ती स्थानकाजवळ मिळाली, आणि पैसा मिळाला तो माणसाला मोकळे करणारा मिळाला. औंधकरांच्या दहा हजारांनी लक्ष्मणरावांचे हात बांधले नाहीत. काय करावे, कोठे विकावे, कोणास कामावर घ्यावे, हे सारे त्यांच्या इच्छेवर राहिले.

अशी कळ सोसण्यास राजाच हवा असेही नाही. त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी उद्योग उभा राहावा, एवढेच तिचे स्वरूप. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा मिळाला, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे फंडाचा काचकारखाना निघाला. काच ओतण्याची विद्या तेथे शिकून कारागीर ठिकठिकाणच्या कारखान्यांत गेले. पुढे १९१६ साली औंध संस्थानाच्याच हद्दीत ओगले बंधूंचा काचकारखाना सुरू झाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या खेडोपाडी पोहोचला. एके ठिकाणी संस्थानिकाने कळ सोसली, दुसऱ्या ठिकाणी पैसा पैसा देणाऱ्या हजारो अनामिकांनी. कोणी ना कोणी ती सोसली, हे महत्त्वाचे.

आता पुन्हा बीडकडे वळू. किर्लोस्करांना १९१० साली जे स्थानक हाताशी मिळाले, ते बीड शहराच्या नशिबी यायला पुढे शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. अहिल्यानगरहून बीड शहरापर्यंतची प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, सुरू झाली. माल बाहेर जाण्याचा मार्ग इतका काळ अवघड राहिला, तेव्हा बीडमधून बाहेर गेली ती मुख्यतः माणसे.

ती कशी गेली, हे पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने वाढत गेले आणि १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याचे कंबरडे मोडले. बीडच्या कोरडवाहू गावांतून दर हिवाळ्याच्या तोंडाशी लाखो माणसे ऊसतोडीला जाऊ लागली, आणि आजही जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराच्या नावाने होते! निघण्यापूर्वी मुकादम त्यांना काही रक्कम आगाऊ देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. मग हंगामभर टनावारी ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते.

श्रोतेहो, येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. बीडच्या गरिबाला आगाऊ पैसा मिळत नाही, हे खरे नाही. तो मिळतो, दरवर्षी मिळतो. औंधकरांनी लक्ष्मणरावांना दिली तीही एक उचलच होती. दोन्ही पैसे कामाआधी मिळाले, दोन्ही फेडायचे होते. परंतु एका उचलीने माणसाचे पुढचे दिवस विकत घेतले, आणि दुसरीने माणसाला त्याचे पुढचे दिवस परत दिले. ऊसतोड्याच्या डोक्यात एखादी चांगली कल्पना येत नसेल असे मानण्याचे कारण नाही. पण तिच्यासाठी दोन वर्षे थांबायचे कसे? त्याची दोन वर्षे आधीच गहाण पडलेली असतात.

तरीही याच जिल्ह्यातून अलीकडे एक निराळे उदाहरण पुढे आले आहे. दादासाहेब भगत हा बीड जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातला तरुण पुण्यास इन्फोसिस कंपनीच्या अतिथिगृहात खोल्यांच्या सेवेचे काम करीत असे. आवारातील माणसे संगणकावर काय करतात, हे पाहून त्याने नोकरी सांभाळून चित्ररचनेचे काम शिकून घेतले. त्याची कल्पना सायकलीइतकीच साधी होती. लग्नपत्रिका, जाहिरात, फलक प्रत्येकाला हवे असतात, पण रचना प्रत्येकाला जमत नाही. तेव्हा तयार साचे करून ठेवावे आणि ज्याला हवा त्याने त्यात आपला मजकूर भरावा. टाळेबंदीच्या काळात तो गावी परतला, आणि गावाजवळच्या उंचवट्यावरील गोठ्यात त्याने आपले कार्यालय थाटले, कारण संगणकाच्या जाळ्याची जोडणी तेथे नीट मिळत होती. २०२४ साली ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याच्या डूग्राफिक्स या कंपनीला, दहा टक्के भागीदारीच्या मोबदल्यात, एक कोटी रुपयांचे भांडवल कबूल झाले.

लोक यात गोठा पाहतात आणि नवल करतात. मला त्यात किर्लोस्करांच्या कथेचीच मांडणी दिसते. तेथे मुंबईचा पगार होता, येथे पुण्याचा. तेथे रामुअण्णा होते, येथे गावचे घर. तेथे आगगाडीचे स्थानक हाताशी होते, येथे जाळ्याची जोडणी मिळणारा उंचवटा. मोठे भांडवल दोघांकडेही आले ते शेवटी; आधीची कळ त्यांनी आपल्या माणसांच्या आधारावर काढली. आणि हा आधार ज्यांना नव्हता, त्या छागलकाराची आणि ऊसतोड्याची कल्पना कोणत्याही कार्यक्रमापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून तरुणांना केवळ ‘नोकरी मागू नका, धंदा काढा’ असा उपदेश करणे मला अपुरे वाटते. उपदेश फुकट असतो. वाट पाहणे फुकट नसते. ज्या घरांत चार पैसे शिल्लक राहतात, आणि माझे बहुतेक श्रोते अशाच घरांतले आहेत, त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपल्या ओळखीचा एखादा मुलगा किंवा मुलगी काही नवे करू पाहत असेल, तर त्याच्या पहिल्या न खपलेल्या नांगराची दोन वर्षे सोसण्यात आपला वाटा किती? पतपेढ्यांनी, सहकारी संस्थांनी आणि सरकारनेही हाच प्रश्न आपल्या खातेवहीला विचारावा. बीडच्या माणसाला उचल नवी नाही. तिची फेड त्याच्या पाठीवरून न होता त्याच्या कल्पनेतून होईल, एवढी व्यवस्था झाली, तरी त्या मातीत काय उगवेल हे पाहण्यासारखे ठरेल.