दप्तराचे ओझे

दप्तराचे ओझे म्हणजे शाळकरी विद्यार्थ्यांना रोज पाठीवर वाहावे लागणारे वह्या-पुस्तके व इतर साहित्याचे वजन. महाराष्ट्र शासनाच्या २१ जुलै २०१५ च्या शासन निर्णयानुसार हे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये.

चंद्रपूर येथील पत्रकार परिषद

ऑगस्ट २०१६ मध्ये चंद्रपूर येथे इयत्ता सातवीतील दोन विद्यार्थ्यांनी पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची किमान १६ वह्या-पुस्तके, पाच ते सात किलोचे दप्तर आणि तिसऱ्या मजल्यावरील वर्ग, अशी त्यांची तक्रार होती. दखल न घेतल्यास उपोषणाचा इशाराही त्यांनी दिला. शासनाच्या निकषानुसार सात किलोचे दप्तर उचलण्यासाठी विद्यार्थ्याचे वजन किमान ७० किलो असावे लागते.

शारीरिक परिणाम

जड दप्तर शरीराला मागे खेचते. तोल सावरण्यासाठी विद्यार्थी कमरेतून पुढे वाकतो व मान पुढे काढतो. त्यामुळे मान, खांदे आणि पाठीच्या स्नायूंवर ताण येतो. दप्तर एकाच खांद्याला अडकवल्यास भार असमान पडतो. दप्तरामुळे पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

उपाययोजना

केंद्र शासनाच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो, तर नववी-दहावीसाठी २.५ ते ४.५ किलो वजन सुचवले आहे. दोन्ही पट्टे वापरणे, जड पुस्तके पाठीलगत ठेवणे, वेळापत्रकानुसारच पुस्तके आणणे आणि शाळेतच पिण्याच्या पाण्याची सोय असणे उपयुक्त ठरते.