आभाळाचा काटा

माढ्यात येऊन आभाळावर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. इथला माणूस जून लागला की वरच बघत असतो. आज मी ढगांपेक्षा हवेतल्या धुरकटपणाबद्दल बोलणार आहे. धूळ, धूर, पाचटाची राख, मीठ असे जे बारीक कण हवेत तरंगतात त्यांना एरोसॉल म्हणतात.

तुमच्यातल्या अनेकांनी कारखान्यावर जाण्याआधी उसाची ट्रॉली बाहेरच्या काट्यावर घालून बघितली असेल. दोन काट्यांची वजनं जुळली नाहीत, तर ऊस वाटेत आटला असं कोणी म्हणत नाही. कुठला काटा चुकला, हे आपण विचारतो. उपग्रहांच्या बाबतीत शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न विचारायची वेळ आली.

सुरुवात १९७८ ची. त्या वर्षी सोडलेल्या निंबस-७ वरचं टॉम्स हे उपकरण होतं ओझोन मोजायला. एव्हीएचआरआर हे दुसरं उपकरण ढग आणि समुद्राचं तापमान बघायला. एरोसॉलची माहिती दोघांच्या नोंदींतून पुढे काढली गेली. एव्हीएचआरआरच्या त्या नोंदी मुख्यतः समुद्रावरच्या होत्या. कारण सोपं आहे. समुद्र वरून काळा दिसतो, त्यावर धुरकट थर चटकन उठून दिसतो. आपलं रान तसं नाही. ज्वारी निघाली की मोकळी माती, शेजारी हिरवागार ऊस. परत येणारा उजेड मातीचा किती आणि हवेतल्या कणांचा किती, हे वेगळं करणं अवघड.

मग १८ डिसेंबर १९९९ ला टेरा आणि ४ मे २००२ ला ॲक्वा हे नासाचे उपग्रह गेले. दोघांवर मोडिस नावाचं एकाच बनावटीचं उपकरण. टेरा सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा, ॲक्वा दुपारी दीडच्या. जुळी भावंडंच म्हणा ना. पण काही वर्षांनी गंमत झाली. जगभरच्या जमिनीवरचं एरोसॉल कमी होत चाललंय, असं टेरा सांगू लागला. ॲक्वाला तशी घट दिसेना.

आता कोणी म्हणेल, सकाळची हवा वेगळी, दुपारची वेगळी. बरोबर आहे. पण त्यामुळे रोजच्या आकड्यांत फरक पडेल. वर्षानुवर्षं एकाची रेघ खाली आणि दुसऱ्याची सपाट, असं का व्हावं?

निवाडा केला जमिनीवरच्या साक्षीदारांनी. एरोनेट हे सूर्याकडे रोखलेल्या उपकरणांचं जागतिक जाळं आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत, पाषाणला, २००४ पासून असं एक उपकरण आहे. ते मातीकडे बघतच नाही. सूर्याचा थेट उजेड किती अडला हे मोजतं. ‘ऑप्टिकल डेप्थ’ हा आकडा ०.५ आला, तर डोक्यावरच्या सूर्याचा सुमारे ३९ टक्के थेट उजेड वाटेत अडला किंवा विखुरला, असा अर्थ. २०१० मध्ये रॉबर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी मोडिसचे आकडे जगभरच्या अशा नोंदींशी ताडून पाहिले. टेरा आधी किंचित जास्त दाखवत होता, २००४ नंतर किंचित कमी. म्हणजे ती उतरती रेघ आभाळाची नव्हतीच! टेराच्या उपकरणाची उजेड टिपण्याची क्षमता हळूहळू बदलत गेली होती. पुढे सहाव्या आवृत्तीत सगळा साठा नव्याने काढला, तेव्हा ती खोटी घट गेली. तरीही टेराचे आकडे ॲक्वापेक्षा थोडे वर राहतातच.

याचा माढ्याशी काय संबंध? संबंध आहे. ढगाचा प्रत्येक थेंब अशा एखाद्या कणाभोवती धरतो. कण फार झाले की तेवढंच पाणी पुष्कळ बारीक थेंबांत वाटलं जातं, आणि बारीक थेंब सहजासहजी पावसाचे होत नाहीत. आपण पर्जन्यछायेतले, आपल्याला हे परवडत नाही. म्हणून तर आयआयटीएमने कायपिक्स प्रयोगात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरातले ढग विमानाने तपासले. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला खालचे कण नीट दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आता टेरा आणि ॲक्वा म्हातारे झालेत. २०११ पासून व्हीअर्स हे नवं उपकरण त्यांचं काम पुढे नेतंय. त्याची नजर वेगळी, चौकटी वेगळ्या. दोन्हींची नोंद एका दोऱ्यात ओवताना सांध्यावर जर उडी दिसली, तर उद्या कोणी म्हणेल, ‘सोलापूरची हवा सुधारली’ किंवा ‘बिघडली’. त्यावरून पैसा, योजना, नियम ठरतील.

म्हणून असा आलेख कोणी दाखवला, तर आधी दोन गोष्टी विचारा. मधे उपकरण बदललं का? आणि जमिनीवरून ते कोणी ताडून पाहिलं? उसाच्या वजनाला आपण हे विचारतोच. हवेच्या मापालाही विचारायला हरकत नाही.