डबा कोणाचा? उपग्रह रिसीव्हर, भाडं आणि कराराचा इतिहास

सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या टीव्हीखाली जो सेट टॉप बॉक्स आहे, तो कोणाच्या मालकीचा आहे? बहुतेकजण म्हणतील, अहो आमचाच की, पैसे मोजलेत. काहीजण म्हणतील, कंपनीचा. आणि बरेचजण गप्प बसतील, कारण त्या पावतीवर काय छापलं होतं ते कोणी वाचलेलंच नसतं. आज आपण या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, म्हणून बराच वेळ तिकडे राहू आणि शेवटी मुंबईला परत येऊ.

घरात उपग्रहाचे कार्यक्रम थेट पकडणं सुरू झालं ते 1976 साली. टेलर हॉवर्ड नावाचे स्टॅनफर्डचे प्राध्यापक होते, त्यांनी स्वतःसाठी एक भलीमोठी डिश उभी केली आणि केबल कंपन्यांसाठी पाठवलेले कार्यक्रम घरी बघायला लागले. 1979 मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, नुसतं ग्रहण करणाऱ्या डिशसाठी परवान्याची सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी नीमन मार्कस या श्रीमंतांच्या दुकानाने नाताळच्या कॅटलॉगमध्ये घरगुती डिश विकायला ठेवली. किंमत 36,500 डॉलर! पुढे पाच-सात वर्षांत किमती कोसळल्या आणि खेड्यापाड्यांत, शेतघरांच्या अंगणांत दहा-दहा फुटी डिश दिसायला लागल्या. जिथे केबल पोचतच नव्हती, तिथले हे लोक.

आता या काळाचं एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवा. डिश तुमची, रिसीव्हर तुमचा, आणि करार कोणाशीही नाही. दरमहा बिल येत नाही. दुकानदाराला एकदा पैसे दिले की संपलं. खरेदी या शब्दाचा पुरा अर्थ इथे होता.

पण फुकट बघणारे वाढले की विकणारा अस्वस्थ होणारच. 15 जानेवारी 1986 ला एचबीओने आपलं प्रक्षेपण पूर्णवेळ सांकेतिक करून टाकलं. बघायचं असेल तर 395 डॉलरचं वेगळं यंत्र घ्या आणि वर महिन्याला 12.95 डॉलर द्या. लोक भडकले. त्याच वर्षी 27 एप्रिलच्या मध्यरात्री फ्लोरिडातल्या एका डिशविक्रेत्याने 'कॅप्टन मिडनाइट' या टोपणनावाने एचबीओच्या उपग्रहावर स्वतःचा निषेधाचा मजकूर चढवला आणि चालू सिनेमाच्या जागी काही मिनिटं तोच दिसत राहिला. त्याला 5,000 डॉलर दंड झाला. गंमत म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात, पण मला त्यात दुसरं काही दिसतं. त्या माणसाचा धंदा बसला होता, कारण त्याने विकलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या अंगणातच उभी होती आणि तरी निरुपयोगी झाली होती. वस्तू तुमची आणि तिची किल्ली दुसऱ्याकडे, ही परिस्थिती इथे पहिल्यांदा आली. पुढचा सगळा इतिहास या किल्लीचा आहे.

1994 च्या 17 जूनला मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात डायरेक्टटीव्हीची पहिली विक्री झाली. 18 इंची डिश आणि आरसीए कंपनीचा रिसीव्हर, किंमत 699 डॉलर. दोन टीव्हींना जोडता येईल असा हवा असेल तर 899. हे संच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत फ्रिज आणि व्हीसीआरच्या शेजारी ठेवलेले असायचे. कार्यक्रमांचे पैसे महिन्याला द्यायचे, पण डबा सर्वस्वी गिऱ्हाइकाचा. पटलं नाही, बंद केलं, कोणी विचारणार नाही. मात्र 699 डॉलर ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, आणि केबलवाला तर डबा नाममात्र भाड्याने आणून बसवत होता.

मग 1996 मध्ये डिश नेटवर्क आलं. चालवणारी कंपनी एकोस्टार, मालक चार्ली एर्गन, जे मुळात मोठ्या डिशच्या धंद्यातून वर आलेले. त्यांनी ऑगस्टमध्ये जाहिरात केली: संच 199 डॉलरला, पण वर्षभराच्या कार्यक्रमांचे सुमारे 300 डॉलर आधी भरा. दोन्ही मिळून पाचशेच्या आत-बाहेर, म्हणजे दोन वर्षांपूर्वी नुसत्या डब्याला जे पडत होतं त्यापेक्षा कमी. डायरेक्टटीव्हीलाही मग सूट देणं भाग पडलं, आणि तीसुद्धा वर्षभर राहण्याच्या अटीवर. गिऱ्हाईक खूश झालं.

इथे जरा थांबू या, कारण कराराचा जन्म इथे झाला आणि तो कसा झाला हे नीट समजून घेतलं पाहिजे. संचाचा खर्च 199 डॉलरपेक्षा जास्त होता. वरची तूट कंपनीने सोसली आणि ती मासिक बिलातून थोडी थोडी वसूल होणार होती. गिऱ्हाईक तिसऱ्या महिन्यात निघून गेलं तर ते पैसे बुडाले. म्हणून त्याला बांधून ठेवायचं. म्हणजे मुदतीचा करार हा खरं पाहता कर्जाचा कागद आहे. फक्त त्यावर कर्ज हा शब्द नसतो, व्याजाचा दर नसतो आणि शिल्लक किती हेही लिहिलेलं नसतं. सोनाराकडे भिशी लावणारी बाईसुद्धा किती हप्ते राहिले ते वहीत टिपून ठेवते. इथे ती वहीच गिऱ्हाइकाच्या हातात नव्हती.

त्याच वर्षी, 1996 मध्ये, अमेरिकी संसदेने नवा दूरसंचार कायदा केला. त्यातून आलेल्या 629 व्या कलमात म्हटलं होतं की टीव्हीसेवा घेण्यासाठी लागणारी यंत्रं ग्राहकाला खुल्या बाजारात, सेवा देणाऱ्या कंपनीशिवाय इतरांकडूनही विकत मिळाली पाहिजेत. यामागे टेलिफोनचा अनुभव होता. तिकडे कित्येक दशकं फोनचं यंत्र बेल कंपनीकडूनच भाड्याने घ्यावं लागे. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, घरातला तो काळा जड फोन टेलिफोन खात्याचा असायचा. 1968 च्या कार्टरफोन निकालानंतर तिथे दुसऱ्यांची यंत्रं जोडायला मोकळीक मिळाली आणि बाजार उघडला. तसंच टीव्हीच्या डब्याचं व्हावं, अशी कल्पना.

1998 मध्ये एफसीसीने या कलमाचे नियम केले. केबलच्या डब्यांना ते लागू झाले, उपग्रहाच्या रिसीव्हरना त्यातल्या मुख्य अटीतून सूट मिळाली. कारण काय, तर उपग्रहाचे संच दुकानांत आधीच मिळतात, वेगवेगळ्या कंपन्या ते बनवतात आणि देशात कुठेही चालतात. त्या दिवशीच्या परिस्थितीला धरून हे बरोबरच होतं. पण बाजारात जे आज आपोआप आहे ते उद्याही राहील, असं धरून चालणं महागात पडतं.

1 मार्च 2006. डायरेक्टटीव्हीचे तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहक होते. त्या दिवसापासून कंपनीने नव्या ग्राहकांना संच विकणं जवळपास थांबवलं आणि भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. डिश नेटवर्कने भाड्याची वाट त्याआधीच धरली होती. बाहेरून फारसं काही बदललं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. दुकान तेच, खोका तोच, काउंटरवर पैसेही मोजायचे. फक्त ते पैसे आता किंमत म्हणून घेतले जात नव्हते, भाड्याची आगाऊ रक्कम म्हणून घेतले जात होते. बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं की यंत्र कंपनीचं आहे आणि सेवा बंद केल्यावर परत करायचं आहे, नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतील. आणि आधीचा एक वर्षाचा करार आता साध्या डब्याला 18 महिने आणि रेकॉर्डिंगच्या किंवा एचडी डब्याला 24 महिने झाला.

कंपनीने हे का केलं? एक कारण उघड आहे. गिऱ्हाईक गेलं की डबा परत येतो, पुसून-तपासून दुसऱ्याला देता येतो. महागड्या एचडी डब्यांच्या बाबतीत ही मोठी बचत. दुसरं कारण हिशेबाच्या वहीतलं आहे. डबा तोट्यात विकला तर तो तोटा त्याच तिमाहीत दिसतो. तोच डबा भाड्याने दिला तर तो कंपनीची मालमत्ता ठरतो आणि त्याचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने काही वर्षांवर पसरतो. यात गैर काही नाही. पण ज्या कारणासाठी करार जन्मला होता, ते कारण आता निम्मं उरलं होतं, कारण डबा तर परत येणार होता. तरी करार आखडला नाही, उलट लांबला. हे मला खटकतं. कर्जाची रक्कम कमी झाली आणि मुदत मात्र वाढली.

मग ज्यांना बांधून घ्यायचं नव्हतं त्यांनी काय केलं? मार्ग होते. 2006 च्या आधी विकत घेतलेले, मालकीचे डबे वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात फिरत होते. असा डबा मिळवायचा, कंपनीकडून वीसेक डॉलरला नवं कार्ड घ्यायचं आणि सेवा सुरू करायची. कंपनीने तुमच्यावर खर्च केलेला नाही, त्यामुळे मुदतीचं बंधन नाही. यात फसगतही व्हायची. विकणाऱ्याने भाड्याचा डबा स्वतःचा म्हणून विकलेला असायचा किंवा त्यावर जुनी थकबाकी असायची, आणि कंपनी त्याचा क्रमांक बघून सरळ नकार द्यायची. जाणकार म्हणूनच पैसे देण्याआधी तो क्रमांक कंपनीला फोन करून तपासून घ्यायचे.

मासिक खर्चात मात्र मालकीचा काहीच फायदा नव्हता. दुसऱ्या टीव्हीच्या डब्याला भाड्याचा असेल तर भाडं म्हणून 4.99 डॉलर, आणि स्वतःचा असेल तर जादा डब्याची फी म्हणून तेवढेच 4.99 डॉलर. घर तुमचं, तरी भाडं चालू! म्हणजे विकत घेऊन मिळत काय होतं? फक्त निघून जाण्याचा हक्क. मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या प्रत्येक महिन्याला 20 डॉलर दंड होता, 24 महिन्यांच्या हिशेबाने जास्तीत जास्त 480. त्या हक्काची किंमत त्यावरून कळते. जो माणूस चार वर्षं एकाच घरात राहणार, त्याला भाड्याचा डबा खुशाल परवडायचा. प्रश्न होता ज्यांचं पुढच्या वर्षीचं काही ठरलेलं नसतं त्यांचा. यात आपली माणसंही आली. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये प्रकल्पावर गेलेली मराठी कुटुंबं झी आणि सोनीसाठी डिश नेटवर्क घ्यायची. आणि प्रकल्प काही कराराची मुदत बघून संपत नाही.

या दंडावरून तक्रारींचा ढीग पडला. त्यातली एक तर विलक्षण होती: बिघडलेला डबा बदलून मागितला की नवा करार सुरू झाल्याचं ग्राहकांना मागाहून कळायचं. डिसेंबर 2010 मध्ये डायरेक्टटीव्हीने 49 राज्यांशी सव्वातेरा दशलक्ष डॉलरची तडजोड केली आणि अटी स्पष्ट सांगण्याचं मान्य केलं. 2015 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने पुन्हा खटला भरला, की जाहिरातीत 12 महिन्यांचा स्वस्त दर मोठा दिसतो आणि 24 महिन्यांचं बंधन दिसत नाही. तो टिकला नाही. न्यायाधीशांनी बहुतेक आरोप बाजूला ठेवले आणि 2018 मध्ये कमिशनने उरलेला खटला सोडून दिला. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांचा दंडाविरुद्धचा सामूहिक दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. डिसेंबर 2015 मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला तो दंड योग्य की अयोग्य यावर नव्हे. करारात लवादाचं कलम आहे, तेव्हा प्रत्येकाने स्वतंत्रपणे लवादाकडे जावं, असं न्यायालयाने म्हटलं. चारशे डॉलरसाठी एकटा माणूस लवादाकडे कशाला जाईल?

आता आपल्याकडे येऊ. 2006 च्या ऑगस्टमध्ये ट्रायने कॅस योजनेसाठी, म्हणजे केबलच्या सेट टॉप बॉक्ससाठी, भाड्याचे दोन पर्याय ठरवून दिले: 999 रुपये अनामत आणि महिन्याला 30, नाहीतर 250 रुपये अनामत आणि महिन्याला 45. वर्षअखेरीस दक्षिण मुंबईत, दक्षिण दिल्लीत आणि दक्षिण कोलकात्यात ती लागू झाली. अनामत आकड्यात, भाडं आकड्यात. मला हा कागद अमेरिकेतल्या कुठल्याही करारापेक्षा प्रामाणिक वाटतो.

डीटीएचचं मात्र वेगळं झालं. इथे मोबाइलसारखा प्रीपेड रिचार्ज रुजला. पैसे संपले की चित्र बंद, दंड नाही. मग कंपनीने आपली तूट वसूल कशी करायची? किल्लीने. एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेला चालत नाही. डीटीएचच्या 2001 च्या परवान्यात, बॉक्स खुल्या रचनेचा आणि सगळ्यांकडे चालणारा असावा, अशी अट होती. ती कागदावरच राहिली. त्यामुळे कंपनी बदलायची तर नवा बॉक्स, नवी डिश, आणि जुना माळ्यावर. अमेरिकेत बंधन करारात लिहिलेलं होतं, आपल्याकडे ते यंत्रात बसवलेलं आहे.

अपवाद एकच. 16 डिसेंबर 2004 ला दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, आजचं फ्री डिश. बाजारातून डबा आणा, डिश लावा, मासिक काही नाही. वाहिन्या मोजक्या, पण 1980 च्या अंगणातल्या त्या डिशमालकासारखाच हा ग्राहक कोणाशी बांधलेला नाही.

11 एप्रिल 2020 ला ट्रायने सरकारला शिफारस केली की देशात विकला जाणारा प्रत्येक सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेला चालला पाहिजे, आणि किल्ली वेगळ्या यूएसबी मोड्यूलमध्ये असावी, म्हणजे डबा तोच ठेवून नुसतं मोड्यूल बदललं की काम झालं. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, बातमी कुठे आतल्या पानावर आली असेल. तोवर लोक मोबाइलवर बघायलाही लागले होते. तिथे डबा नाही, पण वर्षभराचं पॅक आधी भरा म्हणजे स्वस्त पडेल, ही 1996 ची जाहिरात तिथेही पोचलेली आहे.

आता प्रश्न घेऊ.