कतारगामची झाडं कोणाच्या खर्चाने जगली

पौषात उंधियूचा हंगाम आला की सुरतेच्या भाजीबाजारात 'कतारगामनी पापडी' ही हाळी अजून ऐकू येते. प्रत्यक्षात ती पापडी दुसऱ्या गावच्या शेतांतून येते, कारण सुरतेतल्या कतारगामात शेतच राहिलेलं नाही. मी १९८१ साली धुळ्याहून इथे मराठी शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा वेड रोडच्या पलीकडे, तापीच्या काठापर्यंत, पापडीच्या वाड्या होत्या. नदीच्या गाळाची काळी माती, मधे विहीर, विहिरीवर आंबा, बांधाला चिंच. पुढे हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या घंट्या वाढल्या, सौराष्ट्रातून कारागिरांचे लोंढे आले आणि वाड्यांच्या सोसायट्या झाल्या. राहायला घर सगळ्यांनाच हवं, त्यामुळे त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण गेली काही वर्षं आम्ही शेजारी मिळून एका मोकळ्या प्लॉटवर लहानसं वन उभं करू पाहतोय. त्या निमित्ताने एक प्रश्न मला सतत पडतो: या गावात पूर्वी झाडं कोणी लावली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कोणाच्या पैशावर जगली?

आमच्या शेजारी एक पटेल बा (आजी) राहतात. त्यांच्या सासऱ्यांची इथेच वाडी होती. मी त्यांना विचारलं, "बा, विहिरीवरच्या आंब्याला पाणी कोण घालायचं?" त्या म्हणाल्या, "मास्तर, पाणी पापडीला जायचं, जाता जाता आंब्याला मिळायचं. आणि आंबे मक्त्याने दिले की मोटेचा दोर नि चामडं त्यातून निघायचं." पाणी, पीक, फळ आणि डागडुजी ही सगळी एकाच हिशोबात बसलेली होती. वाडी विकली गेली तेव्हा तो हिशोबच मोडला, आणि आंबा त्यानंतर वर्षभरसुद्धा टिकला नाही.

सुरतेच्या जुन्या बागांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. सतराव्या शतकात हे मोगलांचं सर्वांत श्रीमंत बंदर होतं आणि शहराबाहेर अमीर-सावकारांच्या बागा होत्या. बंदराचा महसूल शाहजहानची मुलगी जहाँआरा बेगम हिच्याकडे होता. बेगमपुरा आणि बेगमवाडी ही नावं तिच्याशी जोडली जातात. आज बेगमवाडीत कापडाचा बाजार भरतो. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा त्यांचा तळ बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या एका बागेत पडला होता. त्या बागेतलं एकही झाड आता दाखवता येत नाही. ज्या बागा एका धन्याच्या मर्जीवर उभ्या होत्या, त्या धन्याबरोबर गेल्या.

टिकलं ते वेगळ्याच कारणांनी. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये सुरतेत होता. शहराबाहेरचा एक मोठा वड त्याने पाहिला. लोक त्याला पार्वतीचा मानत, त्याच्या खोडावर शेंदूर चढलेला होता आणि पूजेला माणसांचा राबता असे. कतारगामच्या शेजारी अश्विनीकुमारला तापीकाठी तीन पानांचा वड आहे. कर्णाच्या अंत्यसंस्काराशी त्याची कथा जोडलेली आहे आणि स्मशानात आलेला माणूस तिथे हात जोडूनच परततो. अशा झाडाला माळी ठेवावा लागत नाही. रोज येणाऱ्या शंभर माणसांतल्या दोघांच्या हातात पाण्याचा तांब्या असतोच. त्याच्यावर कुऱ्हाड चालवायची हिंमतही कोणाची होत नाही.

झाडांखेरीज टिकलेलं आणखी काही सांगायचं तर कतारगाम दरवाजाच्या रस्त्याला इंग्रजांचं आणि डचांचं अशी दोन जुनी कबरस्तानं आहेत. इंग्रजांच्या कबरस्तानात सर जॉर्ज ऑक्झेंडन आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीवेळी इंग्रज कंपनीची वखार लढवणारा हाच प्रेसिडेंट, १६६९ साली तो इथे वारला. त्याच्या कबरीचं बांधकाम घुमटांचं, दुमजली, एखाद्या दर्ग्यासारखं दिसणारं आहे. मला मात्र डचांच्या कबरस्तानातली एक कबर जास्त जवळची वाटते. ती हेंड्रिक व्हान रेडे याची. कोचीनला डचांचा गव्हर्नर असताना याने मलबारातल्या वनस्पतींचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ पासून १६९३ पर्यंत तो ॲमस्टरडॅमला छापला जात होता. शेवटचा खंड पाहायला व्हान रेडे जिवंत नव्हता. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना तो जहाजावरच वारला आणि त्याला इथे आणून पुरलं.

मराठी वाचकाने या ग्रंथाचा पहिला खंड आवर्जून पाहावा. रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेलं प्रशस्तिपत्र त्यात नागरी लिपीत छापलेलं आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचंही पत्र आहे. म्हणजे झाडांची ओळख गावच्या वैद्यांची, चित्रं चित्रकारांची, वजन डच कंपनीच्या हुद्द्याचं. एकट्या व्हान रेडेच्या हातून हे झालं नसतं, आणि त्याने त्या वैद्यांची नावं ग्रंथात राहू दिली याचा मला आदर वाटतो. त्याच्या कबरीवर मोठा घुमट आहे, खांबांचे सज्जे आहेत. हिंदुस्थानच्या वनस्पतींवर इतकं काम केलेल्या माणसाच्या भोवती त्या ग्रंथातली दहा-वीस झाडं तरी नाव लिहून लावलेली असावीत, असं मला तिथे गेलं की दर वेळी वाटतं. ही स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत म्हणून शाबूत आहेत. इथेही तेच: दरसालची तरतूद आहे म्हणून भिंत उभी आहे.

आमच्या मराठी परंपरेत झाड जगवण्याच्या मोलाबद्दलची समज फार जुनी आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय येतो. तिथे ते बजावतात की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. झाड वाढवायला लागलेल्या वर्षांची किंमत सरकारने धरली पाहिजे, हे तिथे राजनीती म्हणून लिहिलं आहे.

आणि अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरचं. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन उघड्या डोंगरावर झाडं जगवली, चराई थांबवली, आणि १९८५ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण माणसांनी हाताने वाढवलेलं. तिथे रोपं लावण्यापेक्षा ती राखण्यात जास्त आयुष्य गेलं.

सुरतेलाही सामायिक कामासाठी कायमचा पैसा उभा करण्याची रीत परकी नाही. इथल्या महाजनांनी व्यापारावर 'लागो' बसवून पांजरापोळी चालवल्या. मालाच्या व्यवहारामागे ठरलेली लहान रक्कम बाजूला निघायची आणि मुक्या जनावरांचा चारा त्यातून यायचा. पुढे नव्वदच्या दशकात सौराष्ट्रातल्या दुष्काळी गावांत चेक डॅम बांधायला याच हिरेबाजारातून पैसा गेला. कतारगाम-वराछाच्या माणसाने आपल्या मूळ गावची विहीर भरली. तो ज्या गावात चाळीस वर्षं राहतो तिथल्या सावलीसाठीही तो देईल, असा माझा विश्वास आहे. फक्त मागणं नीट असलं पाहिजे.

जागेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. गुजरातेत नगररचनेच्या टीपी स्कीममध्ये मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, शाळा यांना वाटा काढतात. १९७६ च्या कायद्यात बागा आणि मोकळ्या जागांसाठी पाच टक्के धरलेले आहेत. शिवाय सोसायट्यांचे कॉमन प्लॉट आहेत. रोपं वनखात्याच्या नर्सरीत स्वस्तात मिळतात. मोठ्या कंपन्यांच्या नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला देण्याचा नियम २०१४ पासून लागू आहे आणि त्यात पर्यावरण बसतं. अडतं ते पुढे. एका कंपनीने आमच्या भागात मोठा कार्यक्रम करून रोपं लावली, लोखंडी ट्री-गार्डवर नाव रंगवलं, आणि एप्रिलमध्ये टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे ठरलेलं नव्हतं. मे महिन्यात ट्री-गार्ड उभे होते, आत काड्या होत्या.

ऑगस्ट २००६ च्या पुरात तापी आमच्या गल्लीतून वाहिली. कॉमन प्लॉटवरची लहान रोपं गाळाखाली गेली, उभा राहिला तो जुना कडुनिंब. त्याच्या आधाराने आता आमचं वन वाढतंय: करंज, उंबर, जांभूळ, बहावा, सीताफळ, बोर, कुंपणाला मेंदी. जपानी मियावाकी पद्धतीने दाट लावा, असा आग्रह तरुण मंडळींचा होता. अर्ध्या भागात तसं केलं, अर्ध्यात मुलांना पळायला जागा ठेवली. दर रोपाला खोल आळं, आळ्यात पालापाचोळा आणि उसाचं पाचट, वर मातीचा हलका थर. मार्चमध्ये पाचट उचलून बोट खुपसलं तर आतली माती ओली लागते. तेवढ्याने टँकरची एक फेरी वाचते.

पैशाची व्यवस्था आम्ही पटेल बांच्या विहिरीवरून घेतली. देणग्या खर्चायच्या नाहीत, बँकेत मुदत ठेव करायची. व्याजातून माळ्याचा अर्धवेळ पगार. सोसायटीच्या मासिक मेंटेनन्समध्ये वनाची लहानशी रक्कम वेगळी दाखवायची, म्हणजे ती दर महिन्याला मागावी लागत नाही. जांभळं आणि सीताफळं लागतील तेव्हा जागेवर लिलाव. जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर, मराठीत आणि गुजरातीत.

तुमच्या गल्लीत कोणी झाडांसाठी वर्गणी मागायला आलं तर पावती फाडण्याआधी त्यांना विचारा, तिसऱ्या उन्हाळ्याचं पाणी कोण घालणार आहे. ठरलेलं नसेल, तर तुमची वर्गणी त्याच कामासाठी द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या.