रोजमेळातील जाड रेघ आणि एक्सेलची बारीक रेघ

निफाड तालुक्यात गोदाकाठी वसलेल्या सायखेड्याच्या कांदा बाजाराची नोंद पणन मंडळाच्या दैनंदिन दरपत्रकात ‘पिंपळगाव (ब) - सायखेडा’ अशी येते. शेतमाल, जात, क्विंटलमधील आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर हे तिचे रकाने. हंगाम पालटताना एकाच तारखेला लाल आणि उन्हाळी कांद्याच्या दोन ओळी येऊ शकतात, तर दुसऱ्या तारखेला एकच. अशी नोंद एक्सेलमध्ये महिनाभर साठली की एक दिवस कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे नजरेला उमगत नाही. मग एका दिवसाची आवक दुसऱ्या दिवसाच्या दरासमोर वाचली जाते आणि त्या आकड्यांवर माल विकायचा की चाळीत ठेवायचा, हा निर्णय होतो.

जुन्या रोजमेळात यावर सोपा उपाय होता. दिवस संपला की जाड किंवा दुहेरी रेघ ओढायची. एक्सेलमध्ये हे काम कंडिशनल फॉरमॅटिंगकडे, म्हणजे अट पूर्ण झाली तरच लागू होणाऱ्या सजावटीकडे, सोपवता येते. नियमात ‘या ओळीची तारीख वरच्या ओळीच्या तारखेहून वेगळी आहे’ असे सूत्र द्यावे. सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह हवे, ओळीच्या क्रमांकाआधी नको. मात्र रेघ निवडण्याच्या चौकटीत गेल्यावर निराशा होते. तेथे तुटक, ठिपक्यांच्या आणि बारीक सलग रेघा मिळतात. मध्यम, जाड आणि दुहेरी रेघा निवडता येत नाहीत. तिरकी रेघही नाही.

यामागे एक सूत्र दिसते. अटीवर बेतलेल्या सजावटीने सेलचे आकारमान बदलू नये, असा हा दंडक असावा. अक्षराचा टंक व आकारही या मार्गाने बदलता येत नाही, कारण त्यामुळे ओळीची उंची बदलेल. जाड रेघही जागा खातेच. एक्सेल २००७ने नियमांच्या संख्येवरील तीनची मर्यादा उठवली; रेघांची मर्यादा मात्र राहिली.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. नियम प्रत्येक सेलला स्वतंत्रपणे लागू होतो. त्यामुळे चारही कडांची चौकट निवडली तर संपूर्ण ओळीभोवती एक चौकट न येता प्रत्येक सेल स्वतंत्र चौकटीत अडकतो. दिवस वेगळा दाखवण्यासाठी केवळ वरची कड पुरते.

जाड रेघ हवीच असेल तर अट उलटी करावी. सर्व ओळींच्या वरच्या कडेला हाताने जाड रेघ द्यावी आणि नियमाने ‘तारीख वरच्या ओळीइतकीच असेल तर’ तिच्या जागी फिकट बारीक रेघ आणावी. नवी तारीख येते तेथे जाड रेघ शिल्लक राहते, आणि ओळींच्या उंचीचा प्रश्नही उरत नाही. नियम मांडताना वरच्या ओळीची खालची कड रिकामी ठेवावी. एकाच सीमेवर दोन सेल हक्क सांगू लागले की निकाल गोंधळाचा होतो. मॅक्रोनेही जाड रेघ ओढता येते, परंतु तारीख दुरुस्त केल्यावर तो पुन्हा चालवावा लागतो. एवढ्यासाठी तो खटाटोप करू नये.

लिबरऑफिस कॅल्कची रचना निराळी आहे. तेथे अट पूर्ण झाल्यावर सेलची एक संपूर्ण शैलीच लागू होते आणि त्या शैलीत जाड, दुहेरी कोणतीही रेघ चालते. फाइल पुढे एक्सेलमध्ये उघडली जाणार असेल तर तेथे ती कशी दिसते, हे आधी पाहून घ्यावे. गूगल शीट्समध्ये अटीवरून रंग, ठळक किंवा तिरपी अक्षरे मिळतात. रेघ मात्र मुळीच नाही. तेथे दिवसाआड फिकट पार्श्वरंग देणे हाच मार्ग. त्यासाठी शेजारी एक साहाय्यक रकाना घेऊन तारीख बदलली की आकडा एकाने वाढवावा आणि विषम आकड्यांच्या ओळी रंगवाव्यात. झेरॉक्सवर बारीक रेघ अनेकदा पुसट होते, तेव्हा एक्सेलमध्येही हाच पट्टा उपयोगी पडतो. फक्त रंग इतका गडद नसावा की त्यावरचा दर वाचता येऊ नये.